झाकली पेटी सव्वा लाखाची?



या सदरात आपण नेहमी खत, पाणी, कीड आणि बाजार यांविषयी बोलतो. आज विषय खेळण्यांचा आहे. शेतीच्या सदरात खेळणी कशाला, असे म्हणून पान उलटू नका. शेवटपर्यंत वाचलेत तर यात कीडही येईल, बाजारभावही येईल आणि बियाण्याची पिशवीही येईल.

आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादी वस्तू अशी असते की, ती आणल्या दिवसापासून कोणी वापरलेलीच नाही. लग्नात आहेर आलेल्या कपबश्या काचेच्या कपाटातून खाली उतरत नाहीत. शालू ट्रंकेत डांबरगोळ्यांचा वास घेत पडून असतो. नव्या ट्रॅक्टरच्या सीटवरचे प्लास्टिक उन्हाने फाटून लोंबू लागते, तरी ते कोणी काढत नाही. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, "खराब होईल ना!"

हीच सवय अमेरिकेत एक मोठा छंद आणि त्याहून मोठा व्यापार होऊन बसली आहे. तिथे जुनी खेळणी जमवणारे पुष्कळ लोक आहेत. त्यात सर्वांत मान कशाला, तर कारखान्यातून निघाले त्याच खोक्यात, चाळीस-पन्नास वर्षे एकदाही न उघडता राहिलेल्या खेळण्याला. असे खोके हाती आले की मालकापुढे पेच उभा राहतो. फोडले तर किंमत उतरते. न फोडले तर खेळणे असून नसल्यासारखे. मन दोन्हीकडे ओढ घेते. या पेचात आपल्यालाही घेण्यासारखे काही आहे, म्हणून आज त्याविषयी.

गोष्ट शेतकऱ्यांच्याच खेळण्यांपासून सुरू करू. आयोवा हे अमेरिकेतले मका आणि सोयाबीनचे राज्य. तिथल्या डब्यूक या गावी १९४५ साली फ्रेड अर्टल नावाच्या ओताऱ्याच्या हाताला काम नव्हते. त्याने युद्धातल्या विमानांचे जुने पिस्टन आणले, त्यांचे ॲल्युमिनियम घरच्या भट्टीत वितळवले, वाळूच्या साच्यात ओतले आणि लहान मुलांसाठी ट्रॅक्टर बनवले. जुळणी आणि रंगकामाला घरचीच माणसे होती. धंदा वाढला. १९५९ साली कारखाना जवळच्या डायर्सव्हिल गावी गेला. आज त्या गावात शेतीच्या खेळण्यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. ते १९८६ साली उघडले. दरवर्षी नोव्हेंबरात तिथे अशा खेळण्यांची मोठी जत्राच भरते.

हे ट्रॅक्टर बहुधा खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाचे असतात. म्हणजे खरा ट्रॅक्टर दहा फूट लांब असेल तर खेळण्यातला साडेसात इंच. रंग तोच, चाकांचा घाट तोच, बॉनेटवरचे नावही तेच. ते मिळायचे कुठे? तर खऱ्या ट्रॅक्टरच्या विक्रेत्याकडे. बाप नांगराचा सुटा भाग घ्यायला जाई आणि पोरगा काउंटरवरच्या छोट्या ट्रॅक्टरकडे पाहत राही. घरी आणले की पोरगा मातीत तास ओढू लागे आणि खोके त्याच दिवशी कचऱ्यात जाई. म्हणूनच आज खोक्यातला धड ट्रॅक्टर दुर्मिळ आहे. हजारो मुलांनी आपापले खोके फोडले, त्यामुळे उरलेल्या चार खोक्यांना मोल आले. तिथे रिकाम्या जुन्या खोक्यालाही गिऱ्हाईक मिळते, मग आत ट्रॅक्टर असो वा नसो!

नुसत्या खोक्याच्या मोलाची आणखी एक गंमत सांगतो. १९७७ साली अमेरिकेत 'स्टार वॉर्स' हा चित्रपट आला आणि तुफान चालला. त्याची खेळणी बनवण्याचा हक्क केनर नावाच्या कंपनीकडे होता. नाताळ आला तरी बाहुले तयार नव्हते. तेव्हा कंपनीने दुकानांत चक्क बाहुल्यांविना पाकिटे विकली. आत एक चित्र आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी भरून पाठवायची, मग पुढल्या वर्षी चार बाहुले टपालाने घरी येणार. आईबापांनी ती पाकिटेही घेतली. आपल्याकडे कुणी नुसत्या चिठ्ठीवर बियाणे विकले असते तर आपण त्याला गावाबाहेर काढला असता. पण पोराच्या हौसेपुढे कुणाचे चालत नाही.

आपल्या मुलखाशीही या छंदाचा धागा जुळलेला आहे. फनस्कूल ही कंपनी १९८७ साली निघाली. तिचा कारखाना आपल्या शेजारच्या गोव्यात. या कंपनीने 'जी. आय. जो' नावाचे अमेरिकन घाटाचे प्लास्टिकचे सैनिक भारतात बनवले. कित्येकांचे रंग मूळ अमेरिकन सैनिकांहून वेगळे निघाले, आणि नेमके तेच वेगळेपण पाहून तिकडचे हौशी लोक आता इकडचे पाकीटबंद सैनिक शोधतात. तेव्हा तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत असे एखादे पाकीट निघालेच तर लगेच कात्री लावू नका. आणि लगेच स्वप्नेही पाहू नका. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असे व्हायचे. त्याचे कारण पुढे सांगतो.

आता बाजाराकडे येऊ. मागल्या साली कांद्याला भाव मिळाला म्हणून यंदा सगळ्या गावाने कांदा लावला, तर काय होते हे तुम्हांला मी सांगायला नको. खेळण्यांत तसेच झाले. १९९३ साली अमेरिकेत 'बीनी बेबीज' नावाची मऊ कापडी जनावरे बाजारात आली. थोड्याच वर्षांत लोकांच्या डोक्यात शिरले की, हा पैशाचा साठा आहे. कानाला लावलेली कागदी खूणचिठ्ठी चुरगळू नये म्हणून लोक तिच्यावर प्लास्टिकची टोपी घालू लागले. १९९९ साली लास व्हेगासच्या न्यायालयात काडीमोड घेणाऱ्या नवराबायकोने जमिनीवर बसून या बाहुल्यांची वाटणी केली. पुढे काय झाले? सगळ्यांनीच साठा केला होता, म्हणून माल दुर्मिळ राहिला नाही. भाव कोसळले. आज त्यांतल्या बहुतेकांना नाममात्र किंमत येते. त्याच १९९९ साली 'स्टार वॉर्स'चा नवा भाग आला, तेव्हा पुष्कळांनी प्रत्येक बाहुला दोन-दोन घेतला, एक खेळायला आणि एक ठेवायला. तो ठेवलेला मालही तसाच पडून राहिला.

यातले गणित सरळ आहे. ज्या काळी कुणीच जपत नव्हते, त्या काळचे जपलेले ते महाग. ज्या काळी सगळे जपू लागले, त्या काळचे जपलेले ते स्वस्त. आणि वेष्टन हेच सर्वस्व असते असेही नाही. २०२४ साली एका लिलावात 'स्टार वॉर्स'च्याच एका बाहुल्याला ५ लाख २५ हजार डॉलर आले. तो दुकानात कधी आलाच नव्हता. त्याच्या पाठीवरून छोटे रॉकेट उडणार होते, पण ते मुलाच्या घशात अडकेल या भीतीने कंपनीने बेत सोडला आणि नमुन्याचे थोडेच बाहुले मागे राहिले. विकला गेला तो त्यांतलाच एक. त्याला ना दुकानाचे पाकीट, ना चिठ्ठी. किंमत आली ती दुर्मिळपणाला.

आता कीड. न उघडलेले खेळणे जसेच्या तसे राहते, असा आपला समज असतो. तो खरा नाही. जुनी ओतीव खेळणी पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूची असत. त्या धातूत शिशाचा थोडासा अंश मिसळलेला राहिला तर धातू आतून खचू लागतो. आधी बारीक चिरा, मग फुगवटा, मग भुगा. ओल आणि उष्णता मिळाली की हे लवकर होते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या खेळण्यांत हा दोष फार आढळतो. इंग्रजीत याला चक्क जस्ताची 'पेस्ट', म्हणजे कीडच म्हणतात! यात अळी नाही की किडा नाही, पण घाण्याला लागलेल्या भुंग्यासारखीच ती आतून पोखरते. याला फवारणी नाही. खोक्याचे सील शाबूत आणि आत भुगा, अशी वेळ कित्येकांवर आली आहे.

प्लास्टिकही म्हातारे होते. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेले असते. वर्षे गेली की ते पाझरून बाहेर येते. बाहुला चिकट होतो. रबराची चाके ताठरतात, त्यांना भेगा जातात. पारदर्शक झाकण उन्हाने पिवळे पडते. पुठ्ठा तपकिरी होतो आणि ठिसूळ बनतो. आत सेल राहिले असतील तर ते फुटून पत्रा खातात. म्हणजे जपणारा म्हणतो, मी काळ थांबवला, आणि काळ पेटीच्या आत बसून आपले काम करीतच असतो.

तरी न फोडणाऱ्यांची बाजूही हलकी नाही, ती न्यायाने मांडली पाहिजे. फोडलेले खोके पुन्हा न फोडलेले होत नाही. त्या खोक्यावरचे चित्र, दुकानदाराची किमतीची चिठ्ठी, आतला घडीचा कागद, हे सगळे त्या काळाचे दप्तर आहे. खेळणे कसे विकले जात होते, आईबापांना काय सांगितले जात होते, हे त्यावरून कळते. शेवटचे चार नग उरले असताना आपण एक फोडला तर जगातून एक दप्तर कमी झाले. संग्रहालयाने एखादे खोके बंद ठेवले तर त्यात शहाणपणच आहे.

या व्यापारात लबाडीही आली आहे. फोडलेले पाकीट डिंकाने पुन्हा चिकटवून 'अस्सल बंद' म्हणून विकणारे आहेत. मग त्यावर तपासनीस आले. ते खेळणे पाहून गुण देतात आणि पक्क्या पारदर्शक डब्यात ठेवून मोहोर लावतात. पेटीवर आणखी एक पेटी! हे वाचताना तुम्हांला तुमचे कृषी केंद्र आठवले असेल. पुन्हा शिवलेल्या पिशवीतले बोगस बियाणे कुणाला माहीत नाही? म्हणून पेरणीच्या दिवसांत आम्ही एकच गोष्ट घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो. बियाण्याची पिशवी टॅगच्या बाजूने फोडू नका, खालच्या बाजूने फोडा. टॅग, पिशवी, पावती आणि मूठभर बियाणे पीक घरात येईपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तक्रारीला तोच पुरावा. म्हणजे पहा, वेष्टनाचे मोल आपणही जाणतो. पण त्यासाठी आपण बियाणे पिशवीत ठेवत नाही. पिशवी राखतो आणि बियाणे पेरतो.

हे सगळे मी एरवी नुसते वाचून सोडून दिले असते. पण वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी खरिपापूर्वी घरच्या सोयाबीनची उगवण चाचणी दाखवायला गेलो होतो, तिथे हाच प्रश्न माझ्यापुढे आला. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून झाले. चहा झाला. घरच्या वहिनींनी फडताळातून एक खोके काढून माझ्यापुढे ठेवले. आत लोखंडी ट्रॅक्टर, अमेरिकन बनावटीचा. समोरच्या पारदर्शक कागदाला पिवळी झाक आलेली.

"साहेब, याचा निकाल तुम्हीच लावा," त्या म्हणाल्या. "नातू रोज रडते याच्यासाठी."

जहाजावर नोकरीला असलेल्या मेहुण्याने १९८६ साली तो आणला होता. घरात तेव्हा दोन बैल होते आणि चार वर्षांचा मुलगा. भाऊ, म्हणजे घरधनी, त्या वेळी म्हणाले होते, आपल्या दारात खरा ट्रॅक्टर येईल त्या दिवशी हाही काढू, दोघांची पूजा एकदम करू. हौस मोठी होती आणि बोलही चांगला होता. पण खरा ट्रॅक्टर दारात यायला २००९ साल उजाडले. तोवर मुलगा सत्तावीस वर्षांचा झाला होता. पूजा एकाच ट्रॅक्टरची झाली. दुसरा फडताळातच राहिला.

मुलगा आता चाळिशी ओलांडलेला. त्याने मोबाइलवर पाहिले होते की, असली खेळणी हजारोंनी विकली जातात. त्याचे म्हणणे, फोडू नये, विकावा. वहिनींचे म्हणणे, लेकराला द्यावा. भाऊ काहीच बोलेनात. मी मुलाला म्हटले, "पैशाची नड आहे का?"

"नड नाही," तो म्हणाला. थोडा वेळ गेला. "मले कधी हात लावू दिला नाही, साहेब. सहा-सहा महिने मी त्या काचेतून पाहत होतो. आता याच्यासाठी काढता?"

मंडळी, ते ऐकून ओसरीवर कोणी बोलले नाही. तंटा किमतीचा नव्हताच. चार वर्षांच्या एका पोराचे गाऱ्हाणे चाळीस वर्षे त्या खोक्यात बंद होते. भाऊंनी मुलाकडे न पाहता एवढेच म्हटले, "तुटन म्हणून ठेवला होता रे. पुन्हा कोठून आणला असता?" तेही खरेच होते. ज्या घरात पाटी फुटली तर दुसरी मिळायला दिवाळी यावी लागे, त्या घरात चांगली वस्तू जपणे ही मायाच असते. फक्त ती माया लेकराला दिसत नाही. त्याला दिसते ती काच.

मी म्हटले, विकायचा असेल तर न फोडता विका, पण आधी खरा भाव काढा. मोबाइलवर लोक मागतात तो भाव वेगळा आणि प्रत्यक्ष गिऱ्हाईक देते तो वेगळा, हे मोंढ्यात जाणाऱ्याला सांगायला नको. फोडायचा असेल तर मात्र ज्याच्यासाठी आणला होता त्याने फोडावा. त्या दिवशी निकाल लागला नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा कळले की, मुलाने स्वतः ब्लेडने खोक्याचा तळ कापून ट्रॅक्टर बाहेर काढला. रंग झकास होता. मागचे एक चाक टेकलेल्या बाजूने चपटे होऊन ताठरले होते, म्हणून ट्रॅक्टर लंगडत चालत असे. नातवाला त्याचे काही नव्हते. आठ दिवसांत पुढचे एक चाक निखळले, तेही बापाने तार घालून बसवले. किंमत होती ती गेली. मी भाऊंना विचारले, "बरे वाटते ना?" ते म्हणाले, "बरं वाटते बाप्पा. पण फडताळ उघडलं की रिकामं रिकामं लागते." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून आल्या म्हणून त्या तुम्हांला जशाच्या तशा सांगितल्या.

त्याच वर्धा-नागपूरकडच्या मुलखात या पेचाचा एक सुंदर तोडगा आपल्या जुन्या माणसांनी काढून ठेवला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी नंदीबैल सजवून, ओढत, मिरवत नेतात. कित्येक घरांत हा नंदी आजोबांच्या वेळचा असतो. वर्षभर तो माळ्यावर कापडात गुंडाळलेला असतो आणि त्या एका दिवशी खाली येतो. रंग उडालेला असतो, शिंग एखाद्या वर्षी नवे बसवलेले असते. तो जपलेलाही आहे आणि खेळलेलाही आहे. त्याला दिवस ठरवून दिलेला आहे, आणि माझ्या मते सगळी गोम या ठरलेल्या दिवसात आहे.

आमच्या बियाण्याच्या शास्त्रातही असेच आहे. नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड बेटसमूहात डोंगराच्या पोटात २००८ साली जगातले बियाणे राखण्याचे एक कोठार उघडले. आत उणे १८ अंश सेल्सिअसची थंडी. ज्या संस्थेने पेटी ठेवली ती सोडून दुसऱ्या कुणाला ती पेटी फोडता येत नाही. पेट्या बंद ठेवण्याची याहून कडक व्यवस्था कुठे नसेल. पण सीरियात युद्ध पेटले आणि अलेप्पोजवळच्या 'इकार्डा' या संस्थेला आपल्या बीजपेढीपर्यंत पोचणे अशक्य झाले, तेव्हा २०१५ साली तिने आपल्या पेट्या तिथून बाहेर काढल्या. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते बियाणे पेरले, वाढवले, आणि २०१७ साली ताजे बियाणे परत कोठारात नेऊन ठेवले. ते इतकी वर्षे बंद राहिले त्याचे सार्थक पेटी उघडली त्या दिवशी झाले. आणि आपल्या दुकानातल्या प्रमाणित बियाण्याची वैधता तर चाचणीपासून अवघी नऊ महिने. मुदत सांभाळून पेरले तर पीक, नाहीतर पिशवी शाबूत आणि आत निर्जीव दाणे.

तेव्हा माझे सांगणे असे. घरात न उघडलेली जुनी खेळणी असोत, वा दुसरी एखादी कोरी वस्तू असो, ती कुणासाठी ठेवली आहे आणि कोणत्या दिवसापर्यंत, हे घरच्यांनी एकत्र बसून ठरवावे. विकायची असेल तर दोन-तीन जाणकारांना दाखवावी आणि विकून मोकळे व्हावे. आठवण म्हणून बंदच ठेवायची असेल तर खुशाल ठेवावी, पण ती कुणाची आठवण हे मुलांना सांगावे, नाहीतर पुढल्या पिढीला ते नुसते अडगळीचे खोके. लेकरासाठी असेल तर लेकरू लहान आहे तोवरच द्यावी. पेरणीला जसा वाफसा, तसाच खेळण्यालाही असतो. तो एकदा हुकला की पुढे कितीही पाऊस पडून उपयोग नाही.

फोडायचे ठरले तर बियाण्याच्या पिशवीचा नियम पाळा. खालच्या बाजूने ब्लेडने सरळ कापा, वरून फाडू नका. आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. खोके, आतले कागद, पावती जपून ठेवा. कापलेल्या जागी सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पुठ्ठ्यावर पिवळा डाग सोडतो. रबराची कडी तर मुळीच नको, ती वितळून चिकटते. आणखी एक महत्त्वाचे. फार जुन्या रंगीत खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते. अमेरिकेनेच १९७८ साली तसल्या रंगावर बंदी घातली. तेव्हा त्याआधीचे किंवा रंगाचे पोपडे निघणारे खेळणे तोंडात घालणाऱ्या लहान मुलाला देऊ नका.

ठेवायचे ठरले तर पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, तिथली उन्हाळ्यातली धग प्लास्टिकला सोसत नाही. ऊन लागणार नाही आणि ओल चढणार नाही अशा कपाटात ठेवा. आत सेल असतील आणि खोके न फाडता काढता येत असतील तर काढा. प्लास्टिकच्या खेळण्याशेजारी डांबरगोळ्या ठेवू नका. लुगड्याला त्या राखतात, पण त्यांच्या वाफेने काही जातीचे प्लास्टिक मऊ पडून विरघळते. वर्षातून एकदा खोके हातात घेऊन पाहा. धान्याच्या कणगीत आपण हात घालून पाहतो, तसेच.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपले वाडवडील म्हणत. अब्रूच्या बाबतीत ते खरेच आहे. वस्तूंच्या बाबतीत मात्र मूठ कधी उघडायची हे आधी ठरवून ठेवलेले बरे. या रविवारी माळा झाडायला काढाल तेव्हा त्या कपबश्याही खाली घ्या. पाहुण्यांची वाट पाहू नका, आधी घरच्यांनाच त्यांतून चहा द्या.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटे अळी आणि कामगंध सापळे यांविषयी. तोपर्यंत रामराम.